आडनाव परत मिळण्याबाबत

३ मार्च, मंगळवार

आजपासून रोज लिहिणार. निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने ही डायरी दिली होती. तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. काल घडलं.

बँकेतून येताना मोठ्या रस्त्याने आलो. औषधांच्या दुकानाशेजारी नवा बोर्ड. निळी अक्षरं, आतून दिवा. आणि अक्षरं कुणाची? आमची. आमचं आडनाव, हातभर उंच, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘दातांचा दवाखाना’. सूनबाईचा. सूनबाई म्हणजे माजी. चिरंजीवांशी घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली.

घटस्फोट झाला तेव्हा तिने आमच्या घरचं सगळं परत केलं, हे मी मान्य करतो. पातेल्यांचा सेट, झाकणांसकट. माझ्या बायकोने, म्हणजे हिने, लग्नात तिला घातलेल्या बांगड्या. माझं ड्रिल मशीनसुद्धा, सगळे बिट जागच्या जागी लावून. एवढी टापटिपीची बाई, आणि आडनाव तेवढं विसरली? विसरली नाही. ठेवून घेतलं. आणि आता वर दिवा लावला.

हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्हाला कशाला हवंय, तुमच्याकडे आहे ना एक.

निश्चय: आडनाव परत मिळवायचं. तोपर्यंत त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. सूनबाई दर रविवारी नातीला आमच्याकडे सोडते, तेही बंद. तिच्या फोनवर निरोप ठेवला: आडनावाचा निर्णय होईपर्यंत रविवारची ये-जा स्थगित राहील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. नात सात वर्षांची आहे. तिचं माझं भांडण नाही. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

४ मार्च

कामाची आखणी केली. नुसतं जाऊन मागितलं तर ती हसेल. ती फार गोड हसते आणि मग माणूस चहा पिऊनच परत येतो. म्हणून पाया भक्कम हवा. आधी आडनावाचा उगम शोधायचा. मग परदेशांत ते आज कुठे कुठे पसरलंय त्याचा नकाशा. त्या सगळ्यांचं जागतिक मंडळ. मंडळाचा ठराव, ठरावावरून नोटीस. नोटिशीपुढे कोण हसतं बघू.

जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले, शेवटी शेवटी हेड ड्राफ्ट्समन होतो. या शहरात जमिनीखाली कुठला पाइप कुठे वळतो ते मला झोपेतून उठवून विचारा. आडनाव म्हणजे तरी काय? एक उगम, एक मेन लाइन, चार फाटे. उलट माणसं सोपी. ती गंजत नाहीत.

कार्यकारिणी: अध्यक्ष मी, चिटणीस मी. खजिनदारपद हिला देऊ केलं. ही म्हणाली, आधी गॅसचं बटण दुरुस्त करा.

उजवीकडची खालची दाढ जरा ठणकते. थंड पाणी प्यायलो म्हणून. दखल घेण्यासारखं काही नाही.

५ मार्च, गुरुवार

जेवणाच्या टेबलासमोर जगाचा नकाशा लावला. तिथला आमच्या लग्नाचा फोटो तात्पुरता कपाटात.

मोजायचं कोणाला, याचा नियम केला. पुरुष मोजायचे. मुली लग्न होऊन जातात, त्या बाहेर जाणाऱ्या लाइनी. सुना बाहेरून येतात, त्या जोडण्या. जोडणीला कोणी मेन लाइन म्हणत नाही. आणि प्रत्यक्ष पडताळणी झाल्याशिवाय पिन टोचायची नाही. सूनबाईसाठी आमच्या शहरावर लाल शाईची फुली. आमच्या खात्यात हे चिन्ह बेकायदा कनेक्शनला वापरायचे.

ही बराच वेळ नकाशासमोर उभी होती. मग विचारलं, यात मी कुठे आहे. मी नियम समजावून सांगितला. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल तिला ‘मानद’ म्हणून घ्यायची तयारीही दाखवली.

संध्याकाळचा चहा आला नाही. दाढेला बरंच.

ही व्यायामाच्या क्लासला निघून गेली. दर गुरुवारी जाते. पाठीसाठी आहे म्हणे.

८ मार्च, रविवार

स्थगितीनंतरचा पहिला रविवार. घर शांत. काम भरपूर झालं. एरवी नात आली की कंपासपेटी उचकटते, सगळ्या कागदांवर गोल काढत बसते, पेन्सिलींची टोकं मोडते. आज सगळ्या पेन्सिली टोकदार.

इंटरनेटवर शोधून परदेशातले आडनावबंधू गोळा केले. थंड देशांत बरेच. तेलाच्या देशांत त्याहून बरेच. दूर समुद्रात एका बेटावर एकच. तिथवर आमचं रक्त कसं पोचलं असेल? दर्यावर्दी असणार. ऊर भरून आला. सगळ्यांना ईमेल पाठवली.

दुपारी बेल वाजली असं वाटलं. जाऊन दार उघडलं. कोणी नव्हतं. लिफ्टचा आवाज असणार.

११ मार्च

प्रतिसाद प्रचंड. नऊ उत्तरं.

दोघांना वाटलं मी विमा विकतो. एकाने विचारलं की तुमच्या शहरात भाड्याची खोली मिळेल का. बाकीची उत्तरं बायकांची. तेलाच्या देशातल्या एका पायलटला लिहिलं होतं, उत्तर त्याच्या बायकोचं. ह्यांना इतिहासात रस नाही, पण मी सासूबाईंकडून पाच पिढ्यांची नावं लिहून घेतलीत, पाठवू का म्हणे. थंड देशातल्या एक वकीलबाई आहेत, त्यांनी माझ्या पत्राला उलट सतरा प्रश्न पाठवले. आणि बेटावरचा दर्यावर्दी म्हणजे निघाली एक शाळामास्तरीण. जन्माने आपल्यातली नाहीच, मराठी लग्नानंतर शिकली. माझ्या पत्रातल्या तीन चुका तिने नम्रपणे दाखवून दिल्या.

नियमाप्रमाणे यांच्यापैकी कोणालाच धरता येत नाही. घाईत टोचलेल्या पिना काढल्या. नकाशा स्वच्छ दिसतो आता.

पुरुष उत्तर देत नाहीत, कारण पुरुष कामात असतात. नोकरीत असताना मीही कधी कुणाला उत्तर दिलं नाही.

१५ मार्च, रविवार

शांत. पेन्सिली टोकदार.

१६ मार्च

डावीकडून जेवतो आहे. तसं काही अवघड नाही, बरेच लोक जेवत असतील.

ही रोज म्हणते, सूनबाईला दाखवा. म्हणून मुद्दाम कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे गेलो. तरुण आहे, हात गार. आत टॉर्च मारून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, मूळ वाकडं आहे, खाली पू धरतोय, हे माझ्या हातचं काम नाही, अशा केसेस मी एकाच ठिकाणी पाठवतो. आणि चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. निळ्या बोर्डावरचं.

मग माझ्या कागदावरच्या नावाकडे नजर गेली आणि त्याने खूश होऊन विचारलं, तुम्ही त्यांच्यापैकी का? मी त्यांच्यापैकी! मी ताडकन सांगितलं की त्या माझ्यापैकी होत्या. तो म्हणाला, मग तर प्रश्नच मिटला, ओळखीने नंबर लवकर लागेल.

चिठ्ठी बाहेर आल्यावर फाडणार होतो. खिशात राहिली.

या शहरात आमचं आडनाव काढलं की आता लोकांना दात आठवतात. जन्मभर मी या शहराला पाणी पाजलं, ते कोणाला आठवत नाही. संताप झाला. दाताखाली लवंग धरली, ती चुकून गिळली.

१८ मार्च

उगमाच्या कामात मोठी आघाडी. गावाकडच्या चुलतकाकांना फोन लावला. वय नव्वदीच्या पुढे, स्मरणशक्ती पक्की, पण चार वाक्यं बोलले की दमतात आणि न सांगता फोन ठेवून देतात. आज मिळालेली माहिती अशी: आपला पहिला पुरुष फार लांबून चालत आला. अंगावर फक्त एक धोतर होतं. मग फोन ठेवला.

अर्थ उघड आहे. मोहिमेवरचा माणूस. कुठल्यातरी सरदाराचा खास दूत. घोडा वाटेत पडला असणार. शस्त्रं शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून लपवली असणार, म्हणून फक्त धोतर. हिला सगळं रंगवून सांगितलं. ही म्हणाली, लुटला असेल कोणी. हिच्या माहेरी कल्पनाशक्तीच कमी.

१९ मार्च, गुरुवार

ही क्लासवरून आली तेव्हा बाहीला जांभळा रंग लागला होता. पर्समधून रंगीत खडू पडले. विचारलं तर म्हणाली, श्वास घेताना वर्तुळं काढायला सांगतात. आधुनिक पद्धत असावी.

हिचे दातही हल्ली चकचकीत दिसतात. मिठाच्या गुळण्यांचा गुण. मीही गुळण्या वाढवल्या आहेत, मला गुण येत नाही.

२१ मार्च

चिरंजीवांना फोन केला. मेन लाइनचे वारस म्हणून ठरावावर त्यांची सही हवी होती.

बोलणं झालं.

नंतर टेबल फॅन खोलून पुसला. पाती, जाळी, मागचं झाकण, सगळं.

२२ मार्च, रविवार

काल लिहिलं नाही ते आज लिहितो. खोटी डायरी ठेवण्यात अर्थ नाही.

चिरंजीवांची सही चालणार नाही. दुसऱ्या लग्नात त्यांनी बायकोचं आडनाव घेतलं. गेल्या वर्षीच. तिचं आटोपशीर आहे म्हणाला, ऑफिसात कोणाला दोनदा सांगावं लागत नाही. बाबा, त्यात काय एवढं, म्हणाला. मग मीटिंग आहे म्हणाला. शनिवारी कसली मीटिंग?

हिला सांगितलं. हिला माहीत होतं. मला का नाही बोललीस विचारलं तर म्हणाली, सांगून तुम्ही काय केलं असतंत, नकाशा काढला असतात.

मला वाईट वाटलं. एकदाच लिहून ठेवतो, फार वाईट वाटलं. लहानपणी हा कुणी नाव विचारलं की छाती पुढे काढून आडनावासकट सांगायचा, दुकानदाराला, डॉक्टरला, लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला. कालपासून तो आवाज कानातून जात नाही. आज घरात दुसरा आवाजही नव्हता.

तांत्रिकदृष्ट्या काही बिघडलेलं नाही. मेन लाइन दुरुस्तीसाठी बंद, एवढंच. नकाशावर बंद व्हॉल्व्हचं चिन्ह काढलं. पेन्सिलने काढलं, पक्कं नाही.

पडताळणी झालेली पिन सध्या एकच. माझी.

२४ मार्च

मागे हटायचं नाही! उलट आता जास्त घट्ट धरायला हवं. घरचा माणूस सोडून देतो आणि बाहेरची बाई वर दिवा लावून बसते, हा काय न्याय झाला?

नोटिशीचा मसुदा झाला. ‘सदर आडनाव आपण मूळ स्थितीत, कोणतीही मोडतोड न करता, तीस दिवसांच्या आत मूळ घराण्याच्या ताब्यात द्यावे.’ हिने वाचलं. पुन्हा वाचायला मागून घेतलं. प्रभाव पडलेला दिसतो.

रविवारी मंडळाची पहिली ऑनलाइन सभा. नियमाप्रमाणे सभासद मी एकटाच होत होतो, म्हणून बायकांना निरीक्षक म्हणून घेतलं, मताच्या अधिकारासह. नाहीतर सभेला सभा म्हणता येईना. तांत्रिक बाजू थंड देशातल्या वकीलबाईंनी अंगावर घेतली. त्यांचा निरोप आला की तुमच्याच शहरातला एक पत्ता तुमच्याकडून राहून गेलाय, तो मी घातला.

आमच्या शहरात आणखी एक आडनावबंधू! नवीनच आलेला दिसतो. आनंद झाला.

दाढ ठीक. फक्त बोलताना, गिळताना आणि पडल्यावर दुखते.

२९ मार्च, रविवार

सभा झाली. ऐतिहासिक झाली. वृत्तांत मीच लिहितो, चिटणीस मीच आहे.

कोट घातला. खाली पायजमा, तो दिसत नाही. गालाभोवती मफलर, तो थोडा दिसतो. पडद्यावर दहा चौकोन. त्यात सहा बायका आणि एक चौकोन नुसताच काळा. पुरुष म्हणजे मी, गावाहून चुलतकाका, त्यांच्यासमोर कोणीतरी फोन धरून बसलं होतं, आणि तेलाच्या देशातले पायलट. त्यांना बायकोने आणून बसवलं होतं, पण त्यांचा कॅमेरा शेवटपर्यंत छताकडे होता. छताला पंखा चांगला आहे.

अध्यक्ष मी होतो. वकीलबाई म्हणाल्या, ठराव तुम्ही मांडणार, तर अध्यक्ष दुसरं कोणीतरी हवं, आणि स्वतःच झाल्या. नियमाला धरून होतं.

ठराव वाचला. लग्न मोडल्यास आडनाव परत करावे. मग वकीलबाईंनी विचारलं, परत म्हणजे कसं, धुऊन इस्त्री करून, की आहे तसंच? त्यांचा स्वतःचा घटस्फोट झालेला आहे, ही माहिती त्यांनी सतरा प्रश्नांत कुठेच दिली नव्हती. नवरा तीन वर्षं होता म्हणाल्या, आणि नाव घेऊन कोर्टात उभी राहतेय त्याला वीस वर्षं झाली, आता यात त्याचं किती आणि माझं किती ते तुम्हीच वाटून द्या. बेटावरची मास्तरीण म्हणाली, अख्खी शाळा मला याच नावाने घाबरते, परत केलं तर पोरं बाकांवर नाचतील. पायलटच्या बायकोने तिच्या पाच पिढ्या पडद्यावर दाखवायला सुरुवात केली.

मी आवाज चढवला. प्रश्न भावनेचा नाही, उगमाचा आहे असं सांगितलं. आणि चुलतकाकांना विनंती केली की पहिल्या पुरुषाची कथा सभेला सांगावी. मी चुकलो असं नाही, वेळ चुकली.

काका आज दमलेच नाहीत. म्हणाले, तो आला तो चालत, अंगावर धोतर, पोटात दोन दिवस काही नाही. विहिरीवर एका मुलीने पाणी पाजलं. तिला भाऊ नव्हता, बाप थकलेला. हा तिथेच राहिला. घरजावई. मूळचं आडनाव काय ते त्याने सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही, आणि सासरचं लावलं ते लावलं. तेच आपलं. तेव्हा बाळा, काका मला म्हणाले, हे नाव आपल्याला बायकोच्या घरून मिळालंय, परत करायचं निघालं तर पहिला नंबर आपला लागतो. आणि न सांगता निघून गेले.

सगळे चौकोन हसत होते. छतसुद्धा हललं.

मतदान. बाजूने एक, विरुद्ध काळा चौकोन धरून सात, छत तटस्थ. नोंद अशी केली: ठराव मांडण्यात आला.

तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातला एक चौकोन, जो इतका वेळ काळा होता, त्यात उजेड आला. शहरातला नवा आडनावबंधू. सूनबाई! मागे भिंतीवर जांभळ्या खडूने काढलेली वर्तुळंच वर्तुळं. तीही त्याच क्लासला जात असावी.

मी तयारच होतो. सात मुद्दे काढून ठेवले होते. ती म्हणाली, बाबा, तुमचा उजवा गाल सुजलाय, ताप येतोय का?

बाबा म्हणाली. सगळ्यांसमोर.

सभा तहकूब केली. म्हणजे लॅपटॉप मिटला.

३० मार्च

आरशात उजवीकडे दुसराच माणूस दिसतो. खाऊनपिऊन सुखी. ताप आहे. पाणी प्यायलं की ओठातून ओघळतं. जन्मभर लोकांच्या गळत्या काढल्या.

बोलता येत नाही म्हणून हिला कागदावर लिहून दाखवलं: काही झालं तरी त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही. ही म्हणाली, तिथे पायरी नाहीच, उतार केलाय.

हिला कसं माहीत? रस्त्यावरून दिसत असेल.

३१ मार्च, संध्याकाळ

अर्धं तोंड अजून माझं नाही. तरी लिहिणार.

सकाळी हिने टॅक्सी बोलावली. मी कोपऱ्यावरच्याकडे चल अशी खूण केली. टॅक्सी निळ्या बोर्डासमोर थांबली. ड्रायव्हरला दोष देत नाही, खूण अस्पष्ट झाली असेल. उतार आहे हे खरं निघालं. म्हणजे पायरी मी चढलेलो नाही.

काउंटरवरची मुलगी हिला बघून हसली आणि म्हणाली, आज मंगळवारी कशा आलात, तुमचा गुरुवार ना? ही म्हणाली, आज पेशंट आणलाय. यावर नंतर विचार करायचा आहे.

मुलीने मला विचारलं, डॉक्टरांचे कोण तुम्ही? मला ‘माजी’ हा शब्द लावायचा होता, पण तोंड उघडेना. हिने सांगितलं, सासरे.

कोपऱ्यात छोट्या टेबलाशी नात बसली होती. शाळेला सुट्टी आहे म्हणे. समोर कागद, जांभळा खडू आणि वर्तुळं. तिने माझ्याकडे बघितलं, गालाकडे जास्त वेळ बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली. चार रविवार झाले होते. तिने त्यातलं काही काढलं नाही. कंपासशिवाय गोल नीट येत नाही, एवढंच म्हणाली. मी कोटाच्या खिशातला काढून दिला. तो खिशात कसा आला ते मला सांगता येणार नाही.

मग काउंटरवरून आडनाव पुकारलं. मी उठलो. ही उठली. नातही उठली. आणि आतलं दार उघडून सूनबाई बाहेर आली. एका खोलीत चौघं! महिनाभर जग धुंडाळलं, पण आमच्या आडनावाची एवढी दाट वस्ती कुठेच सापडली नव्हती. माझ्या नियमाप्रमाणे त्यातला एक धरता येतो.

नोटीस दुसऱ्या खिशात होती. ती काढायच्या आत तिने खुर्ची मागे झुकवली. मग इंजेक्शन, मग नळी, मग आरसा. दुखलं तर हात वर करा म्हणाली. हात हलके आहेत तिचे. हे तांत्रिक मत.

काम करता करता म्हणाली, बाबा, तुमची नोटीस आईंनी मला मागच्याच गुरुवारी वाचून दाखवली, भाषा छान आहे. मग म्हणाली, हे नाव मी रागाने ठेवलेलं नाही, आठवण म्हणूनही नाही. लेकीचं आणि माझं एक असावं, एवढंच. आणि इथे येणारी सगळी माणसं मला याच नावाने ओळखतात. तरी तुम्हाला मनापासून परत हवं असेल तर मी बोर्ड उतरवते. आज उतरवते. पण रविवार तिचे आहेत, ते तिला परत द्या.

आणि नळी बंद केली. म्हणाली, परत हवं असेल तर हात वर करा.

ती थांबली. बराच वेळ थांबली.

नंतर दाढ काढली. मूळ खरंच वाकडं होतं. नात बघायला आली, म्हणाली, आजोबा, हा तर तुमच्या नकाशातला पाइप. सूनबाईने दाढ धुतली, पुसली, छोट्या डबीत ठेवली, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिली. ही तुमची वस्तू, म्हणाली, परत. आणि ती गोड हसली. चहा गरम प्यायचा नव्हता म्हणून कोमट करून दिला. प्यायलो.

घरी येऊन नकाशातली लाल फुली खोडायला घेतली. ती शाई खोडरबरने जात नाही. जोर केला तर आमच्या शहराच्या जागी भोकच पडलं. त्या भोकाभोवती चार पिना टोचल्या, कागद फाटू नये म्हणून. रविवारसाठी पेन्सिलींना टोकं आहेतच.

हात वर केला नाही, याचं कारण लिहून ठेवतो. भूल दिलेली होती, हात जड झाला होता. ही म्हणते, भूल जबड्याला दिली होती.